आयोवातल्या छोट्या गावात व्हेट म्हणून जगणं कसं असतं? शिरवळच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय की ताई, अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये छोट्या गावातल्या व्हेटचं आयुष्य नेमकं कसं असतं, पैसे बरे मिळतात का, थंडी झेपते का, आणि आपल्यासारख्या घरातून आलेल्या माणसाला गायी कत्तलखान्यात जाताना बघवतं का. चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार, सावकाश वाच.

मी परळची, म्हणजे बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजची, आणि मूळ सांगली जिल्ह्यातली, घरी गोठा होता. बरीच वर्षं झाली ईशान्य आयोवात आहे, मिसिसिपी नदीपासून फार लांब नाही, गावाची वस्ती जेमतेम दोन हजार. आमची मिक्स्ड प्रॅक्टिस आहे, म्हणजे सकाळी गायी, दुपारी कुत्री-मांजरी, मध्येच कुणाच्या मेंढ्या, कुणाचा घोडा. आयोवा म्हटलं की लोकांना सपाट मक्याची शेतं आणि डुकरं आठवतात आणि ते बरोबरच आहे, राज्यात माणसं साधारण ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, पण आमचा कोपरा वेगळा आहे. हिमयुगातल्या शेवटच्या बर्फाने ही जमीन घासून सपाट केली नाही, त्यामुळे डोंगर-दऱ्या, चराऊ रानं आणि दुधाचे गोठे. म्हणून माझं आयुष्य डुकरांपेक्षा गायींमध्येच जास्त गेलं. पश्चिम आयोवात नुसती डुकरं बघणाऱ्या व्हेटचं काम अगदी वेगळं, तिथे शेडमध्ये शिरताना आंघोळ, बाहेर पडताना आंघोळ, आणि एकेका डुकराला हात लावण्यापेक्षा हजारोंच्या कळपाचे आकडे वाचायचे. तिथे पीआरआरएस हा डुकरांचा विषाणूचा रोग तपासायला डुकरांसमोर सुती दोर टांगतात, ती चघळतात आणि त्या दोरातून पिळून काढलेली लाळ लॅबला जाते, मला ही पद्धत फार हुशारीची वाटते. पण त्या कामाबद्दल मी जास्त बोलणार नाही, ते माझं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. तू इथे टिकशील का हे तुझ्या ऑपरेशनच्या हातावर ठरत नाही. हात बसतो, सगळ्यांचा बसतो. ते दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे जनावराची किंमत आणि उपचाराची किंमत यांचं गणित शेतकऱ्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्या डोळ्यात बघून तुला करता येतं का, आणि दुसरी म्हणजे रात्रीचा फोन उचलायला तुझ्याशिवाय अजून किती जण आहेत.

आधी कामाचं बघू. पिकअपच्या मागे फायबरग्लासचा व्हेट बॉक्स असतो, त्यात कप्पे, छोटा फ्रिज, गरम पाण्याची टाकी, आणि हिवाळ्यात त्याला हीटर लावावाच लागतो नाहीतर औषधं गोठतात. सकाळी एखाद्या डेअरीत हर्ड चेक, म्हणजे ओळीने गायी गाभण आहेत का बघायच्या, पूर्वी नुसता हात घालून बघायचे, आता बहुतेक जण अल्ट्रासाउंड वापरतात. त्यात एखादी व्यायल्यावर आठवडाभरात खाणं सोडलेली होल्स्टीन निघते, डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून टिचकी मारली की बास्केटबॉल आपटल्यासारखा टणक आवाज येतो, म्हणजे चौथं पोट हवा धरून डावीकडे सरकलंय. उजव्या कुशीतून उभ्या गाईचंच ऑपरेशन, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, आणि संध्याकाळी ती गाय चारा खात असते. कॉलेजमध्ये आपण हे पुस्तकात वाचतो, इथे ते नेहमीचं काम आहे कारण गायी प्रचंड दुधाच्या आहेत, देशाची सरासरीच एका गाईमागे वर्षाला जवळजवळ ११ हजार किलोची, आणि तेवढ्या दुधासाठी मका आणि पेंड भरपूर जातं, मग पोटाची गडबड होणारच. मिल्क फीव्हर, म्हणजे व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून गाय बसते तो आजार, आपल्याकडे असतो तसाच. आडवी पडलेली गाय, थंडगार कान, मान कुशीकडे वळलेली. आपल्याकडची मायफेक्सची बाटली तीच इथली कॅल्शियमची ५०० मिलीची बाटली, हळू सोडायची, एक कान हृदयाच्या ठोक्याकडे. गाय ढेकर देते, शेण टाकते आणि उठते. हे कितीही वेळा बघितलं तरी मला अजून तितकाच आनंद होतो.

फऱ्या इथेही आहे, मोठी झालेली तगडी वासरं अचानक मेलेली सापडतात, म्हणून वासरांना लहानपणीच लस देतात. लाळ्या-खुरकूत मात्र नाही, अमेरिकेत त्याची शेवटची साथ १९२९ ची. त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांनी खुरकूत फक्त फोटोत पाहिलीय आणि आपण ती दारात पाहिलेली असते, तोंडातले फोड, तारेसारखी लोंबणारी लाळ, लंगडणारे बैल. भारतीय व्हेटकडे असलेलं हे एक मोठं भांडवल आहे, कमी लेखू नकोस. इथे नुसता संशय आला तरी आधी राज्याच्या पशुवैद्यकाला फोन करायचा, आणि ते आल्याशिवाय त्या गोठ्यातून निघायचं नाही.

आता थंडी. मांसाच्या गायी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वितात आणि फेब्रुवारीत उणे २० सेल्सिअस म्हणजे काही विशेष नाही. गाय अडली म्हणून रात्री दोनला फोन येतो, रस्ता खडीचा, वर बर्फ, वारा असा की पुढचं दिसत नाही. शेतकरी फोनवर घाबरून बोलत नाहीत ही इथली रीत आहे, अगदी शांतपणे सांगतात की वेळ असेल तर येऊन जा, आणि आपण पोचतो तेव्हा गाय चार तास कळा देऊन थकलेली असते. मग आधी हात घालून बघायचं, डोकं वळलंय की पाय दुमडलाय, सरळ करता येतंय का. येत असेल तर साखळ्या आणि काफ जॅक, म्हणजे वासरू ओढायचं यंत्र, लावून, गाईच्या कळेबरोबर ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. वासरू फारच मोठं असेल तर सिझेरियन, डावीकडून, कारण तिथे मोठं पोट आतड्यांना आडवं राहतं आणि ती बाहेर येत नाहीत. कोठारात एक हॅलोजन, शेतकऱ्याची बायको गरम पाण्याच्या बादल्या आणतेय, शेतकरी स्वतः हात धुऊन गर्भाशय धरून उभा, आणि अंगावर ओव्हरऑल असले तरी बोटं फक्त गाईच्या पोटात असतात तेव्हाच गरम राहतात. वासरू बाहेर आलं की खरी घाई सुरू होते. ओलं वासरू त्या थंडीत अर्ध्या तासात गारठतं, कान आणि शेपटी गोठून नंतर गळून पडते. म्हणून पुसायचं, पिकअपच्या पायाशी हीटरसमोर ठेवायचं, चोखत नसेल तर नळीने तीन-चार लिटर चीक पोटात घालायचा. इथल्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात कधी ना कधी वासरू झोपलेलं असतं.

तर थंडी झेपते का? झेपते. कपड्यांवर पैसे वाचवायचे नाहीत, गाडीत ब्लँकेट, फावडं, खाणं ठेवायचं आणि निघताना कुणाला तरी सांगून निघायचं. मला थंडीपेक्षा अंधाराचा जास्त त्रास झाला, डिसेंबरात साडेचारला सूर्य जातो.

गणिताकडे येते. तेच सिझेरियन, फी चारपाचशे डॉलर धर. काही वर्षांपूर्वी जर्सीच्या गोऱ्ह्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं, आणि २०२५ च्या सुरुवातीला डेअरीच्या गाईला मांसाच्या बैलाचं वीर्य भरून झालेलं क्रॉस वासरू आठवड्याच्या आतलं असलं तरी ८०० ते १००० डॉलरला जात होतं, कारण देशात गुरंच कमी झाली होती. जानेवारी २०२५ ला ८ कोटी ६७ लाख, १९५१ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. म्हणजे माझं कौशल्य तेच, गाय तीच, वासरू तेच, पण ते जगवायला बोलवायचं की नाही हे बाजार ठरवतो. दुधाचा भाव पडतो त्या वर्षी मला फोन कमी येतात, आणि आले तर उशिरा येतात. हे समजून घे, कारण पहिल्या वर्षी तुला वाटेल की लोक निर्दयी आहेत, तर तसं नसतं. साठ गायींच्या गोठ्यावर बँकेचं कर्ज आहे, मुलगा शहरात गेलाय, आणि तो माणूस तुला विचारतोय डॉक्टर, तुमची गाय असती तर तुम्ही काय केलं असतं. या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर द्यायचं नाही. मी सांगते की बरी व्हायची शक्यता अर्ध्याहून कमी आहे, खर्च इतका येईल, औषध दिलं की इतके दिवस दूध आणि मांस दोन्ही विकता येणार नाही, आणि मी असते तर आज थांबले असते किंवा मी असते तर एक प्रयत्न केला असता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस किराणा दुकानात, शाळेच्या मॅचला, चर्चच्या जेवणात भेटणार असतो. शहरातल्या व्हेटला हे ओझं नसतं, आणि हा आधारही नसतो.

तुझा चौथा प्रश्न. आमच्या घरी वसुबारसेला गाय-वासराची पूजा व्हायची, अजूनही होते, आणि मी रोज अशा गायींना हात लावते ज्या दूध कमी झालं की ट्रेलरमध्ये चढून जातात. सुरुवातीला मला झोप लागत नसे. सवय झाली असं मी म्हणणार नाही, पण माझं मत मात्र बदललंय. आपल्याकडे १९७६ चा कत्तलबंदीचा कायदा गाईसाठी होता, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, आणि त्या कायद्याने शेतकऱ्याच्या दारातल्या म्हाताऱ्या जनावराच्या वैरणीचा प्रश्न सुटला नाही, हे तू तुझ्या गावात बघतच असशील. इथे जनावराचा शेवट ठरलेला असतो, त्यामुळे तो शेवट कसा व्हावा यावर नियम करता येतात आणि व्हेटला त्यात बोलायला जागा असते. उदाहरण देते. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गाईत मॅड काऊ हा मेंदूचा रोग सापडला, त्यानंतर जी गाय स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही ती माणसाच्या खाण्यासाठी कापायची नाही असा नियम आला आणि २००९ मध्ये तो अजून घट्ट झाला. म्हणजे पडलेल्या गाईला साखळीने ओढून ट्रकमध्ये घालणं बंद. तिला एकतर उठवायचं नाहीतर तिथेच, तिच्या जागेवर, वेदनेशिवाय झोपवायचं. ते झोपवणं माझं काम आहे आणि मी ते नीट करते. त्यातही विचार लागतो, पेंटोबार्बिटल हे झोपवायचं इंजेक्शन दिलं तर मढं उघड्यावर ठेवून चालत नाही कारण आमच्या नदीकाठी बाल्ड ईगल, म्हणजे गरुड, भरपूर आणि ते मांस खाऊन ते मरतात, त्यामुळे बऱ्याचदा योग्य जागी एक गोळी हाच सगळ्यांसाठी चांगला मार्ग असतो. वाचायला कठीण वाटेल, पण दोन दिवस चिखलात तडफडणारी गाय बघितलेली आहेस ना तू?

आणि मुलं. जुलैत काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा असते, फोर-एच या मुलांच्या क्लबातली मुलं वर्षभर एक स्टीअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, सांभाळतात, आंघोळ घालतात, नाव ठेवतात, आणि शेवटी लिलाव होतो. दहा-बारा वर्षांची पोरं त्याच्या गळ्यात पडून रडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वासरू आणतात. त्यांना माहितीये हे मांस आहे आणि तरी त्यांचं प्रेम खोटं नाहीये. त्या मुलांमुळे मी स्वतःला हा प्रश्न वेगळा विचारायला लागले, की हिचा शेवट काय हे माझ्या हातात नाही, पण आज ही गाय माझ्यासमोर आहे तर आज हिला दुखतंय का.

कागदपत्रं हा कामाचा मोठा भाग आहे आणि वाढतोय. १ जानेवारी २०१७ पासून खाद्यातून द्यायच्या महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सना व्हेटची लेखी ऑर्डर लागते, आणि ११ जून २०२३ पासून दुकानात मिळणारं पेनिसिलिन, टेट्रासायक्लिनही चिठ्ठीवर गेलं. मला हा निर्णय योग्य वाटतो, आपल्याकडे मेडिकलमधून कुणीही काहीही आणून टोचतं त्याचे परिणाम तू पाहिलेत. पण यातला पेच असा की चिठ्ठी द्यायला तू तो गोठा ओळखत असायला हवास, आणि ज्या काउंटीत मोठ्या जनावरांचा व्हेटच उरला नाही तिथल्या शेतकऱ्याने जायचं कुठे? मग २०२४ आलं. मार्चमध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या डेअरीत बर्ड फ्लू सापडला, गायींचं खाणं कमी, दूध घट्ट आणि पिवळं, अगदी चिकासारखं, आणि ते कच्चं दूध प्यालेली गोठ्यातली मांजरं मरत होती. जूनमध्ये तो आयोवात आला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे गायी रोज विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात जात-येत असतात, आणि एप्रिलअखेरपासून दुभती गाय राज्याबाहेर न्यायची तर आधी टेस्ट, त्यामुळे त्या उन्हाळ्यात माझा निम्मा वेळ सॅम्पल आणि फॉर्ममध्ये गेला. नमुने पक्के करणारी राष्ट्रीय लॅब आमच्याच राज्यात, एम्स नावाच्या शहरात आहे, तरी रिपोर्ट येईपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीला. त्या काळात लोक मला औषधासाठी कमी आणि धीरासाठी जास्त फोन करत होते.

आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने साधं राहणारा ख्रिश्चन पंथ, त्या लोकांबद्दल एक, कारण कुणी सांगत नाही. आमच्या दक्षिणेला हेझलटनच्या बाजूला त्यांची मोठी वस्ती आहे. घरात वीज नाही, फोन रस्त्याकडेच्या खोपटात, नांगराला बेल्जियन घोडे. तिथे कंदिलाच्या उजेडात काम करावं लागतं, पण जनावर इतकं माणसाळलेलं असतं की अर्धं काम सोपं होतं, आणि सगळं घर मदतीला उभं राहतं. सांगलीकडच्या गोठ्यात गेल्यासारखं मला फक्त तिथेच वाटतं.

बाई म्हणून विचारणाऱ्या मुलींसाठी. आता इथल्या व्हेट कॉलेजांमध्ये पाचपैकी चार मुली असतात, त्यामुळे बाई डॉक्टर आली म्हणून कुणी थबकत नाही. एखादा म्हातारा शेतकरी माझी उंची बघून जरा शंकेने बघतो, पहिलं वासरू सुखरूप निघालं की संपतं. ताकदीपेक्षा एपिड्युरल, म्हणजे कण्यातली भूल, भरपूर ल्युब्रिकंट आणि धीर जास्त लागतो. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा, गायी माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन कातडीतून आत जातं आणि गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो, ऑक्सिटोसिनही सांभाळून, आणि गाय गाभडवणाऱ्या ब्रुसेला रोगाच्या आरबी-५१ लसीची सुई टोचून घेऊ नका. दिवस राहिले की पहिल्या आठवड्यातच सहकाऱ्यांना सांगा, लाजायचं नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. चार व्हेट असले की दर चौथा वीकेंड तुझ्या ड्युटीचा, एक सोडून गेला की दर तिसरा, अजून एक गेला की आयुष्यच ऑन-कॉल. गावं व्हेट गमावतात ती अशी, एकदम नाही, एकेक माणूस थकून जाऊन. विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल मॅडिसनला किंवा एम्सला, दोन-तीन तास लांब, त्यामुळे गवत कापायच्या मशीनमध्ये पाय गेलेला कुत्रा रात्री अकराला तुझ्याच टेबलावर येतो, आणि पहाटे अडलेली गाय असतेच. केंद्र सरकारची योजना आहे, व्हेट कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की शिक्षणाचं कर्ज फेडायला मदत मिळते, २०१० पासून सुरू आहे, चांगली आहे, पण कर्ज फिटल्यावर माणूस थांबेल का हे रात्रीचे फोन किती जण मिळून वाटून घेतात यावर ठरतं. या पेशाचं ओझं किती आहे ते आकड्यातही दिसतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने १९७९ ते २०१५ मधले व्हेट लोकांचे मृत्यू तपासले, आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या मानाने पुरुष व्हेटमध्ये २.१ पट आणि बायकांमध्ये ३.५ पट निघालं. माझ्या ओळखीतलं माणूस असं गेलंय. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत पगाराच्या आधी विचार, रात्री कोण कोण फोन घेतं, सुट्टीत फोन बंद ठेवता येतो का. नीट उत्तर आलं नाही तर नको म्हण.

पैसे बरे मिळतात. नव्या माणसालाही वर्षाला सहा आकडी डॉलर मिळतात आणि अशा गावात घर स्वस्त. पण इथे पोचायलाच खर्च आहे. आपली कॉलेजं अमेरिकन व्हेटर्नरी संघटनेच्या मान्यतेत नाहीत, त्यामुळे ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या बाहेरच्या पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या कार्यक्रमांतून जावं लागतं. ईसीएफव्हीजीत डिग्रीचे कागद, इंग्रजी, मग बीसीएसई ही लेखी परीक्षा, आणि शेवटी सीपीई, प्रत्यक्ष जनावरांवरची, त्यात भूल, घोडा, गाय, शवविच्छेदन, एक्स-रे, छोटी जनावरं, सर्जरी सगळं येतं. शिवाय लायसन्ससाठी नॅव्हली ही परीक्षा, ३६० प्रश्नांची. सगळं मिळून वर्षं जातात, हजारो डॉलर जातात, आणि व्हिसाचे नियम मध्येच बदलतात. आपली मुलं गाईत सहसा अडत नाहीत, कुत्र्याच्या भुलेत आणि घोड्यात अडतात. म्हणून इंटर्नशिपमध्ये परळच्या बाई साकरबाई हॉस्पिटलसारख्या ठिकाणी छोट्या जनावरांची भूल जितकी देता येईल तितकी दे, आणि पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोडे हाताळणाऱ्या कुणा सिनियरच्या मागे लागून थोडे दिवस काढ.

आणि अर्ज भरायच्या आधी शक्य असेल तर एकदा येऊन बघून जा, बऱ्याच प्रॅक्टिस विद्यार्थ्यांना बरोबर फिरू देतात, फक्त व्हिसा कोणता लागेल ते आधी विचारून घे. जुलैत येऊ नकोस, जुलैत सगळ्यांनाच आयोवा आवडतं. फेब्रुवारीच्या शेवटी ये, दोन आठवडे, आणि रात्रीच्या फोनला उठून बरोबर चल.